गुरुजी वर्गात निजतात अशी तक्रार

शाळा तपासणाऱ्या माणसाकडे किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. टेबलाच्या खणात टाचण्या साचतात तसे. लातूरच्या नांदेड रोडवर एका हॉटेलात आम्ही निवृत्त विस्तार अधिकारी रोज चहाला जमतो आणि एकमेकांना टोचतो. मी शिक्षणशास्त्राचा डॉक्टर. प्रबंधाचा विषय होता मुलांना शिकण्याची गोडी कशी लागते. मला तो कितपत कळला होता, याची आजही खात्री नाही. पण नोकरीत एक गोष्ट मनापासून केली : संशय घेतला! जिथं पोरं रमलेली दिसत, तिथं काहीतरी गडबड आहे, असंच वाटायचं.

माझा मित्र सूर्यवंशी म्हणतो, "डॉक्टर, तुम्ही देवळात गेलात तरी देवाची हजेरी तपासाल!"

या संशयापायी एका माणसाची नोकरी माझ्या हातून जायची वेळ आली होती. ते शेवटी सांगतो. आधी सांगायचं धाडस होत नाही.

*

हिमायतनगरकडची एक शाळा. तिसरीतला मुलगा धडा असा खणखणीत वाचत होता, की मला लगेच शंका आली. कारण त्याची नजर पुस्तकावर नव्हती, माझ्या बॅगेवर होती. मी हळूच पुस्तक मिटलं. वाचन चालूच!

"अरे, पुस्तक बंद आहे की!"

"हाव साहेब," तो म्हणाला, "पण धडा चालू हाय न्हवं!"

*

उदगीरजवळच्या एका शाळेत दुपारची खिचडी झाली की मुलं पसार व्हायची. मग अचानक कागदावर गळती शून्य झाली. मी धावतच गेलो. दुपारचे तीन वाजलेले आणि वर्ग खरोखर भरलेला!

"बाई, कोणता उपक्रम राबवलात?"

मुख्याध्यापिका बाईंनी कपाट उघडलं. आत एक पोतं, पोत्यात साऱ्या शाळेच्या चपला. जेवायला बसताना गोळा करायच्या, सुटताना परत द्यायच्या. चप्पल हरवून घरी गेलं तर आईचा मार ठरलेला, त्यामुळे कोणी हलत नव्हतं.

अशा उपक्रमावर काय शेरा लिहावा, मला सुचेना. शेवटी नुसतीच सही केली आणि निघालो, तर दारात माझ्याच चपला नाहीत!

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब लोकबी जेवण झालं की निघतात, असं ऐकलं होतं. अजून दोन वर्ग बघायचे राहिलेत."

*

पुढं क्लासेसचे दिवस आले. लातुरात घरटी एक खोली मेडिकलवाल्या पोरांना भाड्यानं गेली. एकदा जिल्ह्याच्या पथकाबरोबर मला एका कनिष्ठ महाविद्यालयात पाठवलं. हजेरीपटावर बारावी सायन्स पूर्ण हजर. वर्गात बघतो तर एकटा मुलगा, पंख्याखाली.

"बाकीचे कुठं आहेत?"

"क्लासला."

"तू नाही गेलास?"

"माझी बॅच चारला हाय. तवर खोलीवर लाइट नसते, म्हणून इथं बसून राहिलो."

"आणि तुमचे सर?"

तेवढ्यात क्लार्क लगबगीनं पुढं झाला. "सर तिकडंच शिकवून राहिलेत, साहेब. पोरंबी तिकडंच, सरबी तिकडंच. शिकवण्यात बिलकुल खंड न्हाई!"

*

बायको म्हणते, निवृत्तीनंतर मी सुधारलो नाही. परवा नातू टेबलाशी दोन तास मान खाली घालून बसला होता. मी दोनदा मागून डोकावून आलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा ती म्हणाली, "तो खरंच अभ्यास करतोय. पण तुम्ही असेच येत राहिलात तर सोडून देईल!"

*

आता ते राहिलेलं.

भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला एका नव्यानं वसवलेल्या गावात शाळा पत्र्याच्या शेडात भरायची, आणि गच्च भरायची. मग स्लॅबची पक्की इमारत झाली आणि पोरांनी तिच्यात पाय ठेवायला नकार दिला. त्यांनी घरं पडताना पाहिली होती. शेड तर काढून नेलेलं. थोड्याच दिवसांत तक्रार आली : मुळे गुरुजी पोरांना उन्हात बसवतात आणि स्वतः आत निजतात.

मी जीप लांब उभी केली आणि दबकत गेलो. पोरं अंगणात बाभळीखाली. नव्या वर्गात, फरशीच्या मधोमध, डोक्याखाली टॉवेल घेऊन गुरुजी उताणे पडलेले. चक्क घोरत होते! त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली आणि आता निलंबन अटळ. मी शेरेबुक उघडून लिहिलं, "कामाच्या वेळेत झोपलेले आढळले." सही तेवढी राहिली होती.

"गुरुजी!" मी ओरडलो.

घोरणं थांबलं. डोळे मिटलेलेच.

"साहेब, हळू बोला. आठ रोज झाले, रोज असा तासभर पडतो. आज दोन पोरी उंबऱ्यापर्यंत आल्यात. बिचकतील."

मी वळून पाहिलं. खरंच दोघी उंबऱ्यावर उभ्या होत्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या वर स्लॅबकडे बघत होत्या. ते घोरणं खरं होतं की पोरींसाठी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. सूर्यवंशी म्हणतो, दोन्ही.

त्यातली धाकटी मोठीला म्हणाली, "गुरुजीचं काय खरं न्हाई गं. ते आपलेच हायत, आपल्यासाठी कायबी करतेत. त्या साहेबाला निजू दे. मग बघू."

मी स्लॅबकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं, चपला काढल्या.

गुरुजींनी डोळे न उघडताच अर्धा टॉवेल माझ्याकडे सरकवला.