शिसव नसल्याचं प्रतिज्ञापत्र

माझ्या भावोजींच्या कानाला शिसवीचं कळतं, असं लोक म्हणायचे. लोकांना ते मुळात भावोजींनीच सांगितलेलं होतं. पण आपणच सोडलेली गोष्ट चार तोंडांतून फिरून परत आली की माणसाला ती साक्ष वाटायला लागते, तसं त्यांचं झालं होतं.

ते विजेवरच्या गिटारी बनवतात. घरामागे एक जुनं गॅरेज आहे, तेच त्यांचं वर्कशॉप. आत रंधा, पटाशी, कानशी, टेबलाला आवळलेला शिकंजा आणि भिंतीवर मान टाकून लटकलेल्या गिटारी. गिटारच्या मानेवर एक लांब पट्टी असते, जिच्यावर डाव्या हाताची बोटं चालतात. धंद्यातले लोक तिला फ्रेटबोर्ड म्हणतात, भावोजी नुसतं पट्टी म्हणतात. ही पट्टी शिसवीचीच हवी, नाहीतर आवाजात जीव नाही, अशी वादकांची श्रद्धा. भावोजींच्या प्रत्येक गिटारीच्या डोक्यामागे तापल्या लोखंडाने दोन शब्द डागलेले असत: शुद्ध शिसव.

आता गिटार विजेची. तारेचा थरथराट लोहचुंबक पकडतो, तो वायरीतून खोक्यात जातो आणि खोकं ओरडतं. या सगळ्यात पट्टीचा हात कुठे लागतो, असं मी एकदा विचारलं. भावोजी म्हणाले, "भाजीतलं मीठ तुला दिसतं का? पण कळतं ना?" मी वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते. उदाहरण दिलं म्हणजे पुरावा दिला असं होत नाही, एवढं मला समजतं. पण मेहुणीने किती बोलायचं यालाही मर्यादा असते, निदान ताई समोर असताना.

गिऱ्हाईक यायचं असलं की भावोजी काउंटरवरच्या शिसवीच्या ठोकळ्यावर चारदा कानस फिरवत. गोडसर वास सुटे. गिऱ्हाईक दारातच डोळे मिटून श्वास घेई आणि निम्मी विक्री तिथेच होई. तो ठोकळा मी वीस वर्षं पाहिला. झिजून साबणाच्या वडीएवढा झाला होता, पण बदललेला कधी दिसला नाही. माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता.

मग शिसवीवर बंधनं आली. जगभर एवढी शिसव तोडून झाली की देशोदेशीच्या सरकारांनी ठरवलं, यापुढे परवान्याशिवाय शिसवीची काडीही सरहद्द ओलांडणार नाही. गिटार बनवणाऱ्यांमध्ये हाहाकार माजला. कोणी भट्टीत भाजलेलं मेपलचं लाकूड आणलं, कोणी बांबू चिकटवून पाहिला, आणि एका कारखान्याने तर कागदाचे थर डिंकात दाबून पट्टी काढली. कारागिरांची सभा भरली. तिथे भावोजींनी अर्धा तास नाकाने कांदे सोलले. "कागदावरच बोटं चालवायची असतील तर माझ्या मेहुणीसारखं टायपिंग शिका," ते म्हणाले. "लाकडाशी प्रतारणा करणाऱ्याला कारागीर म्हणवून घ्यायचा हक्क नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, माझा उल्लेख झाला होता म्हणून.

पुढच्याच महिन्यात झुलपेवाला अडकला. हा भावोजींचा सगळ्यांत लाडका वादक, केस खांद्यापर्यंत, गिटार पोटच्या पोरीसारखी जपणारा. परदेशात कार्यक्रम करायला निघाला, तर विमानतळावर अधिकाऱ्याने सहज विचारलं, "लाकूड कसलं?" शहाण्या माणसाने "माहीत नाही" म्हटलं असतं. याने गिटार उलटी करून डाग दाखवला आणि शिसवीच्या आवाजावर व्याख्यान दिलं. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि गिटार जप्त केली. एकवीस दिवसांत शिसव बंदीच्या आधीची असल्याची पावती आणा, नाहीतर गिटारीचा भुसा होईल, असं लेखी दिलं.

झुलपेवाला वर्कशॉपात येऊन रडला. खरंच रडला, मी होते तिथे. पंधरा वर्षं त्याच गिटारीवर त्याचं घर चाललं होतं. "तुमच्याकडे जुनी पावती असेलच," तो म्हणाला. भावोजी म्हणाले, "शोधतो." पण शोधायला ते उठले नाहीत, जागच्या जागी घाम पुसत बसले.

दोन दिवसांनी दुपारी ते माझ्या ऑफिसात आले. आजवर कधी आले नव्हते. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. पंचवीस वर्षांपूर्वीची तारीख, एका लाकूडवाल्याचं नाव, शिसवीच्या फळ्या, नग बारा.

"हे जरा जुन्या अक्षरात टाइप करून दे."

"हा लाकूडवाला कधीच वारला ना?"

"म्हणूनच तर त्याचं नाव घातलं."

मी कागद परत सरकवला. "भावोजी, मेलेल्या माणसाची पावती मी टाइप करणार नाही. वकीलसाहेब मला काढतील, आणि तुम्हाला आत टाकतील."

ते बराच वेळ टेबलावरच्या पंचिंग मशिनशी खेळत बसले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी अवस्था स्पष्ट दिसत होती, फक्त काय धरलंय ते मला कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "मग दुसरं टाइप कर. सदर गिटारीची पट्टी शिसवीची नाही."

मला हसू आलं. "हे तर त्याहून खोटं."

"नाही," ते म्हणाले. "हे खरं आहे."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. पट्टी नासपतीची होती. ही एकच नाही, बावीस वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या, दीडशेच्या आसपास. नासपतीचं लाकूड गुळगुळीत आणि फिक्कट. त्याला आधी कडक चहाचे हात द्यायचे, मग गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून केलेलं पाणी लावायचं, की ते काळपट तपकिरी होतं. पण शिसवीला बारीक रंध्रं असतात, नासपतीला दिसण्याजोगी नसतात. ती भावोजी सुईने पाडत. एकेका पट्टीवर हजारो. ताईच्या सुया बावीस वर्षं कुठे जात होत्या ते मला तिथे, माझ्या खुर्चीत बसून समजलं. त्या सुयांपायी बिचारीने तीन कामवाल्या बायांवर संशय घेतला होता.

"पण का?" मी विचारलं.

"पहिली गिटार मी खरं सांगूनच विकायला ठेवली होती," ते म्हणाले. "डोक्यामागे नासपती असं डागून. दोन वर्षं भिंतीवर होती. जो येई तो वाजवून म्हणे, आवाज पाणचट आहे. मग एके दिवशी वैतागून तिलाच चहा पाजला, सुया टोचल्या, डाग घासून नवा डागला. त्याच आठवड्यात गेली. घेणारा म्हणाला, शिसवीची गोष्टच वेगळी."

मला त्यांची कीव आली, आणि त्या घेणाऱ्याचा राग. पण प्रतिज्ञापत्राचा फॉर्म पुढे होता. मी टाइप करत गेले. नाव, धंदा, लाकडाची जात. मग रकाना आला, लाकडाचा उगम.

"नासपती कुठून आणली?"

भावोजी खिडकीबाहेर पाहायला लागले. बाहेर फक्त समोरच्या इमारतीची भिंत होती.

"बाबांच्या बागेतून."

माझी बोटं थांबली. आमच्या बाबांनी घरामागे एकोणीस नासपती लावल्या होत्या. ताई आणि मी त्यांच्याखालीच वाढलो. रस्ता रुंद करायला सरकारने ती जागा घेतली आणि दोन दिवसांत सगळी झाडं आडवी झाली. बाबा ते दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. ओंडके भावोजींनी ट्रक करून नेले आणि आठवडाभराने सांगितलं, पावाच्या भट्टीला दिले, जळून गेले. मी त्यांना तेव्हा मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या होत्या. लाकडातला माणूस, आणि सासऱ्याच्या झाडांची एक फळीसुद्धा ठेवावीशी वाटली नाही.

"सुकायला घातले होते मी ते," भावोजी म्हणाले. "माळ्यावर. पण तोवर मोडून पडलेल्या एका फांदीची ती पहिली गिटार शिसव म्हणून विकून झाली होती. कोणाला कळलं असतं की माझ्याकडे नासपती आहे, तर..."

मी इतकी चिडले होते की दोन अक्षरं चुकली. रकाना भरला आणि कागद सहीला पुढे केला. सही करून ते म्हणाले, "ताईला सांगू नकोस." मी कागद फाइलला लावला.

पुढचा तमाशा सरकारी होता. शिसव असल्याचा अर्ज होता, पण शिसव नसल्याचा अर्जच नव्हता. जे नाही त्याचा कागद कुठल्या खिडकीवर घ्यायचा, यावर खिडकीवाल्यांत एक दिवस चर्चा झाली. अखेर असल्याच्या अर्जावरचं "आहे" खोडून "नाही" लिहायला परवानगी मिळाली, खाडाखोडीवर दोन सह्या घेऊन. तरीही भावोजींच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवेना. बावीस वर्षं खोटं बोलले तेव्हा कोणी पुरावा मागितला नव्हता, आता खरं बोलले तर गिटार तपासणीला प्रयोगशाळेत गेली.

अहवाल आला. झाड नासपती. रंग कृत्रिम. रंध्रे नैसर्गिक नसून अणकुचीदार वस्तूने पाडलेली. खाली तपासणाऱ्या बाईने स्वतःहून एक ओळ घातली होती: काम अत्यंत सुबक आहे. भावोजींनी ती ओळ तीनदा वाचली. त्यांनी प्रत्यक्ष जे केलं होतं त्याचं कौतुक करणारी ती जगातली पहिली व्यक्ती.

झुलपेवाल्याला आधी वाटलं, आपल्यासाठी या माणसाने स्वतःच्या नावाला काळं फासलं. तो भावोजींच्या गळ्यात पडून म्हणाला, "तुमच्यासारखा माणूस होणे नाही." मग गिटार हातात आली आणि तिच्याबरोबर अहवालही आला. त्याने वर्कशॉपातच बसून अहवाल वाचला आणि नंतर गिटार वाजवून पाहिली. तीच गिटार, त्याच तारा, तीच बोटं. "खर्ज गेला," तो म्हणाला. थोडं आणखी वाजवून म्हणाला, "खरं तर मला आधीपासूनच शंका येत होती." गिटार टेबलावर ठेवून तो गेला तो गेलाच. पुढे समजलं की त्याने दाबलेल्या कागदाची पट्टी घेतली आणि तिच्या आवाजात त्याला जीव सापडला.

बातमी पसरली. गिऱ्हाइकं आटली. काही जण गिटारी परत आणून टाकायला लागले, भिंतीवर जागा पुरेना. सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांनी भावोजींना सभासदत्वातून काढलं. त्यातलेच दोघे नंतर वेगवेगळे, मागच्या गल्लीतून येऊन चहा किती कडक लागतो ते विचारून गेले.

प्रतिज्ञापत्राची नक्कल पोस्टाने घरी येते हे मी विसरले होते. वकिलाकडे इतकी वर्षं काढून विसरले, हे मान्य करते. ती ताईच्या हातात पडली. तिने मला फोन करून एवढंच म्हटलं, "वर्कशॉपात ये." मी पोचले तेव्हा ती दारात उभी होती, हातात कागद. भावोजी आत, हातातली कानस खाली ठेवायचं भान नसलेले.

"भट्टीत गेली म्हणाला होतात," ताई म्हणाली.

"हो."

"नासपती म्हणून नाही विकता आलं तुम्हाला?"

"कोणी घेत नव्हतं गं. दोन वर्षं लटकत होती."

"मग लटकू द्यायची होती. बाबांच्या झाडांना दुसऱ्याचं नाव लावलंत तुम्ही."

भावोजींनी मान खाली घातली. ताईला रडू येत होतं आणि ते तिला त्यांच्यासमोर येऊ द्यायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. ती आत आली. झुलपेवाल्याची गिटार टेबलावर होती. तिने पट्टीवरून बोटं फिरवली, अगदी हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग एकदम वळून म्हणाली, "हॉस्पिटलात बाबांनी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं. शेवटच्या आठवड्यात. मी औषधं आणायला खाली गेले होते. परत आले तर तुम्ही त्यांच्याजवळ बसला होतात. काय विचारलं त्यांनी?"

भावोजी कानशीवरचा भुसा झटकायला लागले.

"काय विचारलं?"

"झाडांचं काही केलंस का, म्हणाले."

"मग?"

"झुलपेवाला आला होता बघायला. तिथेच उभा होता, पलंगापाशी. त्याच्यासमोर..." भावोजींनी कानस टेबलावर ठेवली. "मी म्हणालो, भट्टीवाला खूश होता, बाबा. धग छान दिली त्यांनी."

"आणि बाबा?"

"हसले. म्हणाले, चला, कोणाच्या तरी उपयोगी पडली."