काळ्या रेक्झिनमधली वही

निवृत्त झालो तरी ती वही डोक्यातून जात नाही.

मी भिलाईत ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत पोलाद कारखान्याच्याही आधीचं एक लहान प्रेस्बिटेरियन चर्च होतं. त्याची सर्वांत जुनी नोंदवही गायब झाली. या भागातले पहिले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, सगळं तिच्यात. दुसरी प्रत नाही. ती ठेवायच्या कपाटाची किल्ली चर्चच्या चौकीदाराकडे, आणि निनावी फोन आला की तो रद्दीवाल्याकडे गठ्ठा घेऊन गेला. झालं! चर्चच्या पंचांनी त्याला कामावरून काढलं, मी ठाण्यात आणून बसवलं.

गठ्ठा वर्तमानपत्रांचा निघाला. तरी मी सोडेना.

"मले वाचता येत नाही साहेब, वही कावून चोरू?"

"विकायला."

"सेक्टर सहाचे पंच नक्कल उतरवाले वही घरी नेत होते. ते वारले, मीच कबर खोदली. त्यायच्या घरी इचारलं का?"

विचारलं नव्हतं. ते घर इज्जतदाराचं आणि हा चौकीदार, एवढंच कारण. लाज वाटावी असंच.

पंचांच्या विधवेने दारातच सुनावलं, "आता आले? मी वाट पाहून राहिली होती. घ्या तुमची वही."

काळ्या रेक्झिनचं कव्हर. उघडलं तर बायबल, आत नवऱ्याचं नाव. त्या गृहस्थाने एकाच तुकड्यातून वहीला आणि बायबलला सारखी कव्हरं शिवली होती. त्यांच्या मंडळीत मृताच्या छातीवर त्याचं बायबल ठेवून शवपेटी बंद करतात.

बाईंनी बायबल माझ्या हातातून घेतलं. "मंग त्यायच्या छातीवर मी काय ठेवलं, साहेब?"

कबर उघडायला बाईंनी होकार दिला, दंडाधिकाऱ्यांचा आदेशही आला. पण कबर खोदणारा तो चौकीदारच एक. तो हलेना.

"पहिले रविवारच्या प्रार्थनेत सगळ्यायसमोर सांगा, मी चोर नाही म्हणून."

"अरे, वही सडेल तोवर!" एक पंच ओरडले.

"माझी इज्जत सडली, तवा कुठी होते?"

रविवारी पंच बोलले. मीही वर्दीत उभा राहून बोललो. मग त्याने कुदळ उचलली.

किल्ली कोणाकडे, हे आम्ही पोलीस लगेच विचारतो. वही वापरत कोण होतं, हे विचारायला मोठ्यांची दारं वाजवावी लागतात. तिथे आमचा हात आखडतो.

वहीच्या कडा ओलावल्या होत्या, अक्षरं शाबूत. मी पहिलं पान त्याला वाचून दाखवलं. नावं, गावं, कामधंदे. मातीचे हात मागे धरून त्याने सगळं ऐकलं.

"साहेब, यात कोनाच्या नावापुढं चोर लिवलं आहे का?"

नव्हतं. माझ्या ठाण्याच्या रोजनाम्यात होतं.