काचेवरचा आकडा

हार्लन टिबेट्सचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. ओक्लाहोमातल्या आमच्या शर्यतीच्या पट्टीवर चाळीस वर्षं गाडी पळवली त्याने, पण पंपावर पेट्रोल भरतानासुद्धा मापाकडे असा बघायचा, जणू पंपवाला त्याच्या खिशातच हात घालतोय. रविवारी सकाळी पाद्रीबुवा सगळ्यांना टोप्या काढायला लावून प्रार्थना म्हणतात. साऱ्यांचे डोळे मिटलेले असतात, याचा मात्र एक उघडा. कोण कुणाच्या बॉनेटकडे बघतंय, यावर पाळत! देवासमोरही हातचं राखून उभा राहणारा माणूस हो.

त्याचा विश्वास एका माणसावर होता, त्याच्या बायकोवर. ओनावर.

आमच्या खेळाची रीतच अशी आहे की विश्वासाचा प्रश्न काचेवर येऊन बसतो. आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत कापेल, ते ज्याने त्याने आधीच पांढऱ्या बूटपॉलिशने गाडीच्या काचेवर लिहायचं. ज्याचा आकडा मोठा, त्याची गाडी हळू, म्हणून त्याला तेवढं आधी सुटायला मिळतं. आता कुणी लबाडीने मोठा आकडा लिहील, म्हणून दुसरा नियम आहे. लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात, तर पुढे असूनही हरलात. आणि काचेवर जे असेल तेच खरं, मग तुमच्या मनात काहीही असो.

हार्लनच्या पंचावन्न सालच्या शेव्हरलेटवर हा आकडा तीस वर्षं ओना लिहीत आली होती. तो तिच्या कानाशी वाकून आकडा सांगायचा, गुपचूप. पण इंजिनांच्या आवाजाने हार्लनचे कान कधीच गेलेले, त्यामुळे ते गुपित तीन गाड्यांपलीकडे ऐकू यायचं. ओना लिहायची, आणि तो त्या काचेकडे पुन्हा बघायचासुद्धा नाही.

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी हंगामाचा शेवटचा मेळा होता. एका अंगाला शर्यत आणि दुसऱ्या अंगाला हिरवळीवर नटवलेल्या जुन्या गाड्या. छत कापून बसकं केलेलं, इंजिन उघडं, अंगावर ज्वाळा रंगवलेल्या. मालक घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले, हातात पिसांची झाडणी. हार्लनला त्या लोकांचा भारी तिटकारा. "गाडी पळवायची असते, पुसायची नसते," असं तो त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा.

त्यातला लायल श्रोडर म्हणजे तर त्याच्या डोळ्यात सलणारं कुसळ. लायलची चौतीसची फोर्ड हिरवळीवर बक्षीसही घ्यायची आणि पट्टीवर पळायचीही. वर हा लायल तळावर, म्हणजे शर्यतीआधी गाड्या लावायच्या जागेत, हार्लनच्या शेजारीच ठाण मांडायचा, ओनाला विचारून तिच्या घमेल्यातल्या शेंगा सोलून द्यायचा. "इतका गोड माणूस सरळ असूच शकत नाही," हार्लन म्हणायचा.

शनिवारी दुपारी नेमकी या दोघांची जोडी लागली. सूर्य समोर, फलकावरचे आकडे दिसत नव्हते. दिवे हिरवे झाले, हार्लन सुटला आणि फोर्डला मागे टाकून रेषेपार गेला. हसतच परतीच्या रस्त्यावरच्या टपरीच्या खिडकीतून त्याने वेळेची चिठ्ठी घेतली. तिच्यावर लिहिलं होतं, हार. गाडी पळाली होती ११.४३ मध्ये, आणि काचेवर होते ११.८१.

"मी अकरा बेचाळीस सांगितलं होतं!" तो गाडीतून उतरला तोच मुळी ओरडत. "ओना, तू काय लिहिलंस?"

"तू सांगितलंस तेच. नेहमी लिहिते तेच," ओना म्हणाली. तिच्या स्वरात एवढीही शंका नव्हती.

झालं! हार्लनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती थांबेचना. कुणीतरी आकडा पुसून नवा लिहिला. फायदा कुणाचा? लायलचा. त्यात समोरच्या तळावरची एक बाई म्हणाली, "जून महिन्यात लायलला तुझ्या काचेपाशी बघितलं होतं खरं. अंगठा पांढरा होता त्याचा." मग काय, आगीत तेलच पडलं.

तो सगळ्यांदेखत लायलच्या अंगावर धावून गेला. "माझ्या काचेला हात लावलास की नाही? बोल!"

लायल क्षणभर ओनाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आज नाही लावला."

"आज नाही! ऐकलंत? आज नाही म्हणे!"

पट्टीची मुख्य ग्वेन धावत आली. फार कडक बाई. तिने दोघांना बाजूला घेतलं. "काच ही आपल्याकडे देवघरासारखी आहे, लायल. दुसऱ्याच्या काचेला हात लावणाऱ्याला या पट्टीवर पुन्हा जागा नाही. उद्या बाराला दोघं माझ्या खोलीत या. काही सांगायचं असेल तर तेव्हा सांग."

लायल नुसता मान हलवून गेला. लायलचं घर, मित्र, सगळं काही ही पट्टीच होती, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्याच्या बाजूने कुणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही.

रविवारची शर्यत वेगळी असते, हरलेल्यांनाही नव्याने उतरता येतं. प्रार्थना झाल्यावर हार्लनने ओनाच्या कानात आकडा सांगितला, तिने नीट ११.४२ लिहिलं. त्याने या खेपेला उभं राहून बघितलं. मग "जरा जेवायला भाजलेलं ब्रिस्किट घेऊन येतो" म्हणून गेला, आणि मागून वळसा घालून आपल्याच ट्रेलरमध्ये शिरला. पत्र्याच्या फटीला डोळा लावून बसला. बाराच्या आत चोर रंगेहाथ पकडायचा होता त्याला.

आत भट्टी पेटलेली. घामाच्या धारा लागल्या, पण गडी डोळ्यांत तेल घालून बसला होता.

अर्ध्या तासाने काचेपाशी कुणीतरी आलं. ओना होती ती. विणकाम खुर्चीवर ठेवून आली, आकड्याकडे बघितलं, आणि पोराची चूक सापडावी तशी हसली. ॲप्रनच्या टोकाने आकडा पुसला. पॉलिशची बाटली उघडून सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, ११.८१. दोन पावलं मागे सरून समाधानाने बघितलं आणि विणायला बसली.

हार्लनला क्षणभर काही कळेना. मग कळलं. चौऱ्याण्णव साल. जुनं इंजिन, पहिलं अजिंक्यपद, आणि तेव्हा काचेवर हाच आकडा. ते इंजिन भंगारात जाऊन वीस वर्षं झाली होती.

मग एकेक आठवायला लागलं. भाजीत दोनदा मीठ पडलं होतं. ती घरी परतताना एकदा भलत्याच रस्त्याला लागली होती. बहिणीच्या नातवाला तिने बहिणीच्याच मुलाच्या नावाने हाक मारली होती. जगभर पाळत ठेवणाऱ्या या माणसाने घरात डोळे मिटून घेतले होते.  तो बाहेर पडायला उठू लागला.

तेवढ्यात लायल आला. त्याने इकडेतिकडे बघितलं. ओनाला म्हणाला, "ओनाताई, तुमचा धाग्याचा गुंडा गाडीखाली गेलाय बघा." ती खाली वाकली. लायलने अंगठ्याला थुंकी लावली, चारच हिसक्यांत आकडा पुसला, खिशातून आपली बाटली काढली आणि लिहिलं, ११.४२. तिचं अक्षरही त्याने हुबेहूब उचललं होतं. सरावाचा हात होता तो. अंगठा पँटला पुसून तो निघून गेला. शनिवारी हे त्याला जमलं नव्हतं, कारण शर्यतीच्या वेळी तो स्वतःच शेजारच्या गाडीत पट्ट्यांनी जखडून बसला होता.

आणि तासाभराने आपल्याला इथून हाकलणार आहेत, हे माहीत असून आला होता गाढव.

बाराला ग्वेनच्या खोलीत हार्लन टोपी हातात घेऊन उभा राहिला. ही टोपी प्रार्थनेशिवाय कधी उतरायची नाही.

"आकडा मीच चुकीचा सांगितला होता," तो म्हणाला. "जुना तोंडात आला. चूक माझी."

ग्वेनचा विश्वास बसेना. "आणि जूनमधला तो पांढरा अंगठा?"

"मीच सांगितलं होतं त्याला काच पुसायला. विसरलो. म्हातारा झालोय मी."

लायल बुटांकडे बघत होता. बाहेर आल्यावर हार्लनने विचारलं, "कधीपासून?"

"मे महिन्यापासून."

"मला का नाही सांगितलंस, लेका?"

"तू माझं ऐकलं असतंस?"

 हार्लनने लायलचा तो अंगठा हातात धरला आणि भर उन्हात रडला. "उद्या डॉक्टरकडे नेतो तिला," एवढंच म्हणाला.

दुपारी गाडी रांगेत लावायची वेळ झाली. ओना पुन्हा बाटली घेऊन काचेपाशी उभी. लायलने अंगठा ओला केला. हार्लनने त्याच्याकडे बघून मान हलवली, राहू दे. मग ओनाला म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते लिही."

तिने ११.४२ पुसून ११.८१ लिहिलं. हार्लनने ते वाचलं, पट्टे आवळले आणि गाडी हातचं काही न राखता पळवली, सरळ ११.४१. खिडकीतून हरल्याची चिठ्ठी घेतली.

"किती आली रे वेळ?" ओनाने विचारलं.

आमच्या पट्टीवर चिठ्ठी दहा जणांना दाखवल्याशिवाय कुणी जेवत नाही. हार्लनने ती घडी करून खिशात घातली.

"तू लिहिलीस तेवढीच," तो म्हणाला, आणि तिला खुर्चीपर्यंत हाताला धरून घेऊन गेला.