मागच्या सीटवरचं घड्याळ: नागपूर ते भोपाळ

"तू तर आपल्याच घरी येणार आहेस, तुझी कसली मिरवणूक?"

बाबा आईला हे म्हणाले तेव्हा ते दाढी करत होते. अर्ध्या चेहऱ्यावर साबण होता. आई डबा भरत होती. भोपाळच्या सरकारी कारखान्यातल्या तिच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बाबाही गेले. माझा रागही त्यांच्याबरोबर गेला असं मी धरून चालले होते.

मग गेल्या महिन्यात आमच्या जुन्या टाउनशिपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात आली. दुर्मिळ ब्रिटिश बनावटीची, उघड्या टपाची चार सीटची गाडी विकणे आहे. रंग हिरवा, पूर्ण जुन्या रूपात आणलेली, चालू स्थितीत. छताचं कापड थेट विलायतेहून मागवलेलं.

विलायतेहून! ते छत माझ्या आईने शिवलंय. इंद्रपुरीच्या बाजारातून जाड कॅनव्हास आणून, घरच्या पायमशीनवर, दिवाळीच्या सुट्टीत. सुया मोडत होत्या आणि फराळ राहिला म्हणून बाबा कुरकुरत होते.

गाडीच्या कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हा ब्लॉग वाचून दलालांचे फोन यायला नकोत.

नवीन वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. कारखाना उभा राहत असताना तिथे काही इंग्रज इंजिनिअर होते. त्यांच्यातला एक जण परत जाताना ही गाडी मागे सोडून गेला. पुढे ती एका शेडमागे गंजत पडली. बाबा आणि आमचे शेजारी दुबे अंकल, दोघेही तिथलेच इंजिनिअर, यांनी ती भंगारात घेतली आणि कित्येक वर्षांचे रविवार तिच्यावर घालवले. पत्रा ठोकला, डॅशबोर्डचं लाकूड घासलं, गोविंदपुऱ्यातल्या लेथवाल्यांकडून एकेक भाग करून घेतला. आई ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेलं चित्र पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचं, हे तिचं काम. त्याच हाताने तिने कुजलेल्या जुन्या छताचा आकार कागदावर उतरवला आणि नवं छत बेतलं.

गाडी चालू झाली आणि टाउनशिपला एक रिवाज मिळाला. कुणी निवृत्त झालं की सहकारी त्याला हार घालून, गुलाल उधळून, ढोल वाजवत कारखान्याच्या गेटपासून क्वार्टरपर्यंत सोडायला जातातच. आमच्याकडे तो या गाडीतून जायचा. बाबा चालवायचे, तो मागे बसायचा. क्वार्टरच्या दारात बायको औक्षणाचं ताट घेऊन उभी असायची. सरदारजी गेले, नायर गेले, कॅन्टीनचे मॅनेजर गेले.

आईच्या वेळी मात्र ती "आपल्याच घरी येणार" होती. जणू सरदारजी दुसऱ्याच्या घरी गेले होते!

जाहिरात वाचल्यावर मी पंकजला फोन केला. पंकज दुबे अंकलचा मुलगा. अंकलही आता नाहीत. आईबाबा नागपूरला परतले तेव्हा बाबांनी गाडी दुबेंकडेच सोडली होती, त्यामुळे ती विकायचा हक्क पंकजचाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी एवढंच मागितलं: गाडी जाण्यापूर्वी एकदा आईला गेटपासून आमच्या जुन्या क्वार्टरपर्यंत नेऊ दे.

"अरे दीदी, ये भी कोई पूछने की बात है? आंटीजी को ले आइए. एक क्या, दो राउंड लगवा देंगे!"

म्हणून निघालो. मी, आई आणि माझी छोटी गाडी.

नागपूर ते भोपाळ साडेतीनशे किलोमीटर धरा, थांबत गेलात तर सात तास. उजाडताना निघालात तर सावनेरपर्यंत रस्ता मोकळा मिळतो. टोल बरेच आहेत, फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. पांढुर्ण्यानंतर खायला थांबू नका, सरळ मुलताई गाठा. तिथे तापीच्या कुंडाजवळच्या गल्लीत पोहे मिळतात, आपल्यापेक्षा गोडसर, वर मूठभर शेव. जिलबी गरम असेल तरच घ्या. बैतूलच्या पुढे बरेठा घाटात जंगल आहे. आम्ही गेलो तेव्हा काही भागात रस्ता अरुंदच होता आणि ट्रकमागे रांगावं लागत होतं.

तिथे आई म्हणाली, "शुभा, एवढे ब्रेक नको मारूस. राग ट्रकवर आहे की माझ्यावर?"

"बाबांवर."

"ते ब्रेकखाली नाहीत."

मी हसले नाही. ती हसली. शहात्तर वर्षांची बाई मांडीवर संत्र्याच्या साली गोळा करत हसत होती आणि मला कशाचा राग आलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईच्या निवृत्तीच्या त्या दिवशी संध्याकाळी मी, खास रजा काढून आलेली मुलगी, क्वार्टरच्या फाटकात उभी होते. दुबे अंकल त्याच दिवशी निवृत्त झाले होते. ढोल ऐकू आला, मग गाडी वळली. बाबा स्टिअरिंगवर, गुलालाने माखलेले. मागे दुबे अंकल, गळ्यात हारांचा ढीग. आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर, जिथे एक माणूस आरामात मावतो तिथे, त्यांना निरोपाला मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ उभं करून ठेवलेलं.

गाडीच्या पुढे, रस्त्याच्या कडेने, आई चालत येत होती. हातात पिशवी. पिशवीत तिचं घड्याळ. तिलाही तसंच मिळालं होतं. बाबांनी हॉर्न वाजवला, हसून हात केला. आई बाजूला झाली आणि मिरवणूक पुढे गेली.

मी रात्री भांडले तर म्हणाले, "अगं, हार घालून तुझ्या आईला दुबेशेजारी बसवलं असतं तर लोक लग्नाची वरात म्हणाले असते." आणि स्वतःच्या विनोदावर हसले. ते वाईट नव्हते. माझ्या तापात रात्ररात्र बसलेले, आईच्या चष्म्याच्या काचा रोज सकाळी स्वतः पुसून ठेवणारे बाबा. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं.

नर्मदेच्या पुलावर आईने काच खाली करून नाणं टाकलं. (तिथे गाडी थांबवू नका, मागचे शिव्या घालतात.) औबेदुल्लागंज, मंडीदीप, आणि मग होशंगाबाद रोडने बाग सेवनिया. पंकजचं घर तिथल्याच एका कॉलनीत आहे.

गाडी पोर्चमध्ये होती. खरं सांगते, ती दिसल्यावर क्षणभर राग विसरले. उतरत्या उन्हात तो हिरवा रंग, गोल दिवे, तारांची चाकं. आई थेट छतापाशी गेली आणि शिवणीवरून अंगठा फिरवू लागली.

तिथे आणखी एक गृहस्थ होते. इंदूरचे, मराठी, हॉटेलवाले. सकाळीच त्यांनी सौदा पक्का केला होता.

"दीदी, मैं आपको फ़ोन करने ही वाला था," पंकज म्हणाला. करणार नव्हता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. "सर की शर्त है, अब गाड़ी हिलेगी नहीं. सीधे ट्रेलर पर चढ़ेगी."

"काय आहे न ताई," इंदूरकर मला समजावू लागले, "मला ती चालवायची नाहीच. हॉटेलाच्या लॉबीत ठेवणार. चाकांखाली लाकडी चौथरा, वरून लाइट. पाहुणे फोटो काढतील. आता रस्त्यावर काढली आणि एखादा ओरखडा आला, तर मग?"

म्हणजे ही गाडी पुन्हा कधी चालणारच नव्हती. मी त्यांना सगळं सांगितलं. गेट, क्वार्टर, जेमतेम दोन किलोमीटर. त्यांनी मान हलवत ऐकलं, हळहळले, आणि नाही म्हणाले. तेवढ्यात त्यांचं लक्ष छताच्या मागच्या खिडकीकडे गेलं.

"ही पट्टी उलटीकडे का उघडते हो?"

"सर, वो उस ज़माने का इंग्लिश पैटर्न है," पंकज म्हणाला.

"इंग्लिश कसलं," आई म्हणाली. "माझं चुकलंय ते. ट्रेसिंगचा कागद उलटा धरला होता मी. दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो मेला. कापड कापल्यावर कळलं."

पंकजने कपाळाला हात लावला. "आंटीजी, ये सब अभी बताना ज़रूरी था?"

इंदूरकर मात्र मोठ्याने हसले. "म्हणजे आईंनी शिवलंय? वा! पण पाटीवर आपण विलायतीच लिहू, काय? पाहुण्यांना काय कळतंय."

माझी कानशिलं तापली. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, शुद्ध मराठीत नव्हतं ते. पंकज मधे पडला. "अच्छा दीदी, ग़ुस्सा मत होइए. आंटीजी को पीछे बिठा देते हैं, बढ़िया फोटो खींच लीजिए."

त्याने दार उघडलं. आईने आत पाहिलं, त्या दोन सीट पाहिल्या, आणि म्हणाली, "उभ्या गाडीत बसून काय करायचं?"

आम्ही चहा न घेता निघालो. इंदूरकर फाटकापर्यंत आले. मी प्रवासावर लिहिते हे पंकजने त्यांना सांगितलं होतं. "लिंक पाठवा हं. हॉटेलाचं नाव आलं तर बरंच आहे." मी नाव लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मुक्काम इंद्रपुरीत केला. दोन हजारांच्या आत स्वच्छ खोल्या मिळतात, मुख्य रस्त्याकडची घेऊ नका, हॉर्नने झोप येत नाही. भोपाळला जाणारे लोक तलाव आणि जुनं शहर बघून परततात. तुमच्याकडे एक सकाळ जास्त असेल तर टाउनशिपमधून पायी फिरा. इतके रुंद, सावलीचे, रिकामे रस्ते दुसऱ्या कुठल्या शहरात मिळणार नाहीत. क्वार्टर्सच्या रांगाच्या रांगा ओसाड पडल्यात, अंगणात कमरेएवढं गवत, पण कुणीतरी लावलेली पेरूची झाडं अजून लगडलेली असतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिपलानीच्या बाजारात समोसे बांधून घेतले आणि गेटसमोरच्या झाडाखालच्या पारावर बसलो. पहिली पाळी आत जात होती. पहारेकऱ्याने दोनदा आमच्याकडे पाहिलं, मग येऊन विचारलं, "माताजी, किसी का इंतज़ार है?"

"नहीं भैया, अब नहीं," आई म्हणाली.

तो गेल्यावर तिने समोशाचा कोपरा मोडला आणि समोर बघतच बोलली. "त्या दिवशी मी इथेच थांबले होते."

"कधी?"

"शेवटच्या दिवशी. सकाळी ते तसं म्हणाले ना, मला वाटलं गंमत करतायत. म्हटलं, मला चकित करायचं असेल. चंदेरी नेसले होते मी, तुझ्या लक्षात नसेल. सुटल्यावर सगळ्या बायका बसने गेल्या. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. इथे उभी राहिले. मग आतून ढोल वाजला."

"मग?"

"मग गाडी बाहेर आली. इथे हार घालायला, फोटोला थांबली. मी बघितलं, मागे घड्याळ ठेवलंय. म्हटलं, आता उचलतील." तिने हात रुमालाला पुसले. "नाही उचललं. मग मी चालायला लागले."

इतकी वर्षं मला वाटत होतं की बाबांनी तिला विचारलं नाही आणि तिनेही ते सोडून दिलं. ती नटून उभी होती. त्यांनी तिला इथे उभं पाहिलंही असेल आणि वाटलं असेल, मिरवणूक बघायला थांबली आहे.

"मला सांगितलं का नाहीस कधी?"

"तू अशी करतेस म्हणून," आई म्हणाली. "समोसा खा. गार होतोय."

आम्ही क्वार्टरपर्यंत गेलो, माझ्या गाडीतून, खिडक्या खाली करून. दार जागेवर आहे, कुलूप गंजलेलं. आईने अंगणातल्या कढीपत्त्याच्या दोन काड्या तोडल्या आणि आम्ही परतीला लागलो. येताना इटारसीच्या अलीकडे ढाब्यावर डाळ-बाफले खाल्ले, दोघींचे साडेतीनशे झाले, तूप सढळ हाताने घालतात.

नागपूरला येऊन आता आठवडा होतोय. या प्रवासातून काय उरलं म्हणाल तर राग. पूर्वी तो एका वाक्यावर होता, आता त्या झाडाखालच्या थांबण्यावर आहे. आई नेहमीसारखी आहे. काल कढीपत्ता फोडणीला टाकताना मी विचारलं, गाडी खरंच आली असती तर बसली असतीस का? "नेसायला काय, चंदेरी आहे अजून," ती म्हणाली आणि गॅस बारीक केला.

म्हणून हे शेवटचं इंदूरच्या त्या गृहस्थांसाठी. लिंक पाठवते आहे.

साहेब, पंकज म्हणाला की ट्रेलर रविवारी येणार आहे. शनिवारी सकाळी गाडी एकदा, फक्त एकदा, बाहेर काढा. तुम्ही स्वतः चालवा, माझा किंवा पंकजचा हात लागायला नको. ओरखडा आला तर भरपाई मी देईन, तसं लिहून देते. आई मागे बसेल. तिच्या शेजारी काहीही ठेवू नका. गेटपासून क्वार्टरपर्यंत, बाग सेवनियाहून जाऊन-येऊन धरलं तरी तासाभराचं काम आहे. तुम्ही नाही म्हणाल, हे मला माहीत आहे. तुमच्या जागी बहुतेक सगळे नाहीच म्हणतील. तरी विचारते. मी गाडीत बसणार नाही. मला आधी पुढे जावं लागेल, औक्षणाचं ताट घेऊन दारात उभं राहायला.