सावकाश खेळणारा गडी

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की आत पंखा घरघरायचा आणि पडदा काळाच राहायचा. काटेकाकांनी पिन काढून पुन्हा लावली, वायरी दाबून पाहिल्या, खोक्याच्या कुशीवर एक हलकी चापटही मारली. दुपार झाली होती. एरवी या वेळेला डाव मांडलेला असायचा.

काटेकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. शहराच्या टोकाला ट्रकांचं वजन करायचा काटा होता, तिथे त्यांची सगळी नोकरी गेली. भरलेला ट्रक वर चढला की काटा बराच वेळ थरथरतो. तो स्थिर झाल्याशिवाय आकडा वाचायचा नसतो. ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचे, "काका, डोळा लागला काय?" काका मान वर न करता म्हणायचे, "आधी तुझ्या ट्रकचा लागू दे."

आता दोन खोल्यांत ते एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला गेला तेव्हा कॉलेजातला कॉम्प्युटर इथेच ठेवून गेला. त्यात बुद्धिबळाचा एक खेळ होता. काका त्याला 'गडी' म्हणत.

गडी फार सावकाश खेळायचा. काकांनी प्यादं सरकवलं की पडद्याच्या कोपऱ्यात वाळूचं घड्याळ उलटंपालटं होऊ लागे, आत काहीतरी करकरत राही. तेवढ्यात काका कपबशा विसळत, कांदा चिरून ठेवत, सदऱ्याचं तुटलेलं बटण शिवत. मधेच दारातून डोकावून विचारत, "सुचलं का काही?" मग कधीतरी घोडा उडी मारून पुढे येई, आणि काका हात पुसत खुर्चीवर बसत. कधी गडी जिंकायचा, कधी काका. हरले की काका त्याला दोन शिव्या घालत आणि पुन्हा पट मांडत. दिवसातलं त्यांचं बहुतेक बोलणं एवढंच.

त्यांनी मुलाला फोन लावला.

"बाबा, टाका आता तो भंगारात," मुलगा म्हणाला. "वस्तुसंग्रहालयवालेसुद्धा घेणार नाहीत. तुमच्या फोनवर बुद्धिबळ टाकून दिलंय ना मी?"

"खेळून पाहिलं."

"मग?"

"उद्धट आहे. मी बोट उचलायच्या आत उलट उत्तर देतो."

"बाबा, ते यंत्र आहे."

"हो रे, कळतं मला," काका म्हणाले. पलीकडून कुणीतरी मुलाला हाक मारली. "ठेवतो बाबा, संध्याकाळी करतो." संध्याकाळी फोन आला नाही. काकांनी वाटही पाहिली नव्हती. निदान तसं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोकं एका जाड चादरीत गुंडाळलं, पोटाशी धरलं आणि जिन्याच्या वळणावळणावर टेकवत खाली आणलं. दोन गल्ल्या ओलांडून, एका इमारतीच्या जिन्याखाली दुरुस्तीचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या मुलीला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. तिच्या टेबलावर इतकी यंत्रं उघडी पडलेली असत, की चहाचा कप ती मांडीवर ठेवूनच प्यायची.

चादर सोडून तिने खोक्याकडे पाहिलं. "काका, हा वयाने माझ्याहून मोठा दिसतोय."

"मग नमस्कार कर."

ती हसली आणि स्क्रू काढू लागली. मेमरीची पट्टी उपसून तिने तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासला, फुंकर मारली, पट्टी परत बसवली. काही नाही. वीज देणारा डबा बदलून पाहिला. पंखा फिरला, पडदा काळाच. मग तिने टॉर्च लावला आणि पंख्याच्या पात्यांमधून चिमट्याने राखाडी लोकरीचा एक गोळा बाहेर काढला. तो तिने उजेडात धरला, मग शेजारी पडलेल्या चादरीवर ठेवून पाहिला. रंग तोच होता.

"काका, ही चादर तुम्ही याच्यावर घालत होता?"

"हो."

"चालू असताना?"

"शेजारी एक नर्स राहते. रात्रपाळी करते, दुपारी झोपते. भिंत पातळ आहे. हा विचार करायला लागला की फार आवाज करतो. म्हणून पांघरूण घालायचो."

डॉक्टरीणबाईने कपाळाला हात लावला. "अहो, गुदमरला बिचारा! हे बघा, बोर्डावरचे हे डबे कसे फुगलेत, खालचं सगळं काळं पडलंय. बोर्ड गेला."

काका खोक्याच्या उघड्या पोटात बघत राहिले.

"आणि खेळ?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तो डिस्कवर असतो. डिस्क ठणठणीत आहे. दुसरा बोर्ड आहे माझ्याकडे, नव्या पंख्यासकट बसवते. बसा तिथे."

तासाभराने पडदा उजळला. ओळखीचा पट आला, तीच हिरवी-पांढरी घरं. काकांचा चेहरा सैल झाला. त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि सवयीने खुर्ची मागे ढकलून उठू लागले.

गड्याने उत्तर दिलं होतं. वाळूचं घड्याळ दिसलंसुद्धा नाही.

काका पुन्हा बसले. घोडा काढला. उत्तर आलं. उंट. उत्तर.

"बघा कसा पळतोय!" डॉक्टरीणबाई म्हणाली.

"हा तो नाही."

"तोच आहे हो. आधीचा बोर्ड म्हातारा होता, म्हणून वेळ लागायचा. डोकं तेच, पाय नवे."

"याला हळू करता येईल का?"

ती बघतच राहिली. "इथे येणारा प्रत्येक माणूस 'लवकर चालव' म्हणून डोकं खातो. आणि तुम्ही..." ती थांबली. काका चेष्टा करत नव्हते. तिने त्यांच्याकडून माउस घेतला, खेळाच्या पाट्या उघडून वाचल्या. "एक आहे. पातळी वाढवली की तो फार पुढच्या खेळ्या बघतो, म्हणजे वेळ घेईल. अगदी वरची ठेवली तर मागच्यासारखाच रेंगाळेल. पण काका, मग तो तुम्हाला जिंकू देणार नाही. कधीच नाही."

"आत्ताच्या पातळीवर?"

"आत्ताच्या पातळीवर कधीमधी जिंकाल. फटाफट खेळेल, फटाफट हराल-जिंकाल. डाव लगेच संपेल."

काका पटाकडे बघत होते. बाहेरून कुणीतरी चार्जर मागायला आलं, तिने हातानेच थांबायची खूण केली.

"वरची ठेव," काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मुलाचा फोन आला. "चालू झाला का कॉम्प्युटर?"

"झाला."

"मग, हरवलंत का त्याला?"

"छे. रोज धूळ चारतो."

"अहो मग पातळी कमी करा ना! कशाला उगीच?"

"असू दे," काका म्हणाले. "तू जेवलास का?"

फोन ठेवून ते आत आले. पटावर त्यांचा राजा कोपऱ्यात सापडला होता, सोबत दोन प्यादी. समोर गड्याचा वजीर आणि दोन्ही हत्ती. हार मानायचं बटण पटाखालीच होतं. काकांनी ते दाबलं नाही. राजा एक घर सरकवला. कोपऱ्यात वाळूचं घड्याळ उलटलं. भिंतीपलीकडे नर्स झोपलेली होती, आणि नवा पंखा इतका हळू फिरत होता की तो चालू आहे की नाही हे कळायला कान जवळ न्यावा लागे. काका खुर्ची ओढून तसे जवळ बसले.