पाजत्या बाईला काही होत नाही

फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत बायांना अंगावर पाजायचे फायदे सांगत होते. समोर सात-आठ जणी, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या पदराखाली. माझ्या हातात चित्रांचा तक्ता. धाकट्या दिराचं, सचिनचं नाव दिसलं म्हणून उचलला. "वैनी... शीतल गेली," एवढंच तो बोलला. मी "बरं" म्हणाले. बरं! फोन ठेवला आणि तक्त्याचं पुढचं पान उलटलं. त्या पानावर काय होतं ते मला आठवत नाही.

शीतल माझी धाकटी जाऊ, चौतीस वर्षांची. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पाच आठवडे झाले. घरात तिच्याबद्दल सगळे बोलतात, ती हसायची कशी, तिच्या हातचं कालवण कसं... पण एका गोष्टीपाशी आले की गप्प होतात, कारण ती गोष्ट माझी आहे. म्हणून मीच लिहिते.

आमचं गाव नवलाख उंबऱ्याच्या अलीकडे. मी गावात आशा सेविका म्हणून काम करते, चौदा वर्षं झाली. गरोदर बाईचं नाव घालण्यापासून पोराच्या लसीपर्यंत सगळं माझ्याकडे. माझं तोंडही तसंच, एकदा सुटलं की समोरच्याची बोलायची टाप नाही. शीतल मला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवायची. तिचं माहेर खंडाळ्याचं, वडील एका बंगल्यावर राखणदार. लग्न होऊन आली ती कंपनीत वायरी जोडायच्या कामाला लागली. निळा कोट घालून सकाळी बसला पळायची, आणि पळता पळता ओरडायची, "डॉक्टरीणबाई, माझी भाकरी झाकून ठेवा, मांजराला आरोग्यशिक्षण नको!" सासूबाईसुद्धा हसायच्या.

पहिल्या मुलानंतर आठ वर्षांनी तिला मुलगी झाली. सम्यका, आमची सम्मू. दूध तर असं की दोन पोरं पोसली असती. पण तिसऱ्या महिन्यात सम्मू डावीकडे तोंड लावेना. लावलं की मान फिरवायची, रडायची, उजवीकडे घेतलं की चट शांत. आम्हाला त्याची गंमत! सासूबाई म्हणायच्या, "उजव्याचीच हाय पोरगी, लय चोखंदळ." त्यांना बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, पण मीठ-मोहरी काही सुटली नाही. त्यांनी दुधाची दृष्ट काढली. मी त्यांच्यावर हसले. माझ्याकडे शास्त्र होतं ना!

एका दुपारी शीतल मोरीतून मला हाक मारून म्हणाली, "ताई, हितं डावीकडं बघा ना. सुपारीएवढं काय लागतंय." मी हात लावला. होती गाठ. कडक, आणि दाबली तरी तिला दुखलं नाही. "दूध दाटलंय गं," मी म्हणाले, "काही नाही. शेक घे, पिळून काढ, नि पोरीला त्याच बाजूला जास्त लाव." पदर सावरत तिनं विचारलं, "दुसरं काय नसंल ना? आमच्या तिकडं एका बाईला..." मी तिला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही. "अगं खुळे, पाजत्या बाईला छातीचा कॅन्सर होत नाही. चौदा वर्षं मी हेच सांगते, लोकांच्या सुनांना पटतं, तुलाच पटेना होय?"

आता ते वाक्य कुठून आलं ते सांगते. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की पाजल्यानं आईला त्या कॅन्सरचा धोका कमी होतो. कमी होतो. पण 'कमी होतो' म्हटलं की बाया जांभया देतात, आणि सासवा वरचं दूध सुरू करतात. 'होत नाही' म्हटलं की सगळ्या कान टवकारून ऐकतात. म्हणून मी ते वाक्य हळूहळू कापून सुटसुटीत केलं. कुणी मला हटकलं नाही. इतकी वर्षं बोलून बोलून ते मलाच खरं वाटायला लागलं होतं.

शीतलनं शेक घेतला. तव्यावर फडकं तापवून सासूबाई द्यायच्या. सुट्टी संपली तसं कंपनीत जेवणाच्या सुट्टीत कपडे बदलायच्या खोलीत उभी राहून ती दूध पिळायची. घरी येऊन सांगायची, "डावीकडं आज पन थेंबच." मी म्हणायची, "येईल गं." असे चार महिने गेले. चार... मग एकदा सम्मूला न्हाऊ घालताना तिचा पदर सरकला आणि मला गाठीवरची कातडी दिसली. आत ओढल्यासारखी, खळगा पडलेली. माझ्याकडच्या एका कागदावर तसं चित्र होतं. मी ते कधी कुणाला नीट दाखवलंच नव्हतं, बाया लाजतात म्हणून.

सोनोग्राफी, मग तुकडा तपासायला, मग पुण्याचं मोठं हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, केमो सुरू करायची तर दूध तोडावं लागेल. बाहेर बाकावर सम्मू भुकेनं रडत होती. मी तिला शीतलकडे दिलं, तर शीतलनं दोन्ही हात छातीवर गच्च धरले. "नको! नको, हिला घ्या ताई, लांब न्या." पोरगी आईकडे झेपावतेय आणि आई भिंतीला चिकटत मागे सरतेय. परत येताना तळेगावपर्यंत सम्मू रडत होती आणि शीतल खिडकीबाहेर बघत होती. वडगावजवळ तिनं मला हळूच विचारलं, "ताई, ती सात महिने पियाली. तिच्या पोटात गेलं का गं ते?"

एरवी ती मला 'तुमी' म्हणायची. त्या दिवशी 'गं' म्हणाली.

मी सांगितलं, दुधातून कॅन्सर जात नाही. हे मात्र खरं होतं. पुढच्या वेळी मी डॉक्टरबाईंना तिच्यासमोर विचारलं, त्यांनीही स्वच्छ सांगितलं, नाही जात. शीतलनं मान हलवली. पण रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मागं पन तुमी असंच छातीठोक सांगितलंवतं." रागानं नाही हो! राग असता तर बरं झालं असतं. तिला फक्त कुणाचं खरं मानावं ते कळेनासं झालं होतं. सम्मूला साधी सर्दी झाली तरी ती तिची मान, काखा, पोट चाचपत बसायची. ऑपरेशन झालं, केस गेले, मधे काही महिने ती चांगली झाली, निळा कोटसुद्धा धुऊन ठेवला. मग आजार यकृतात उतरला. शेवटच्या भेटीत, ओठ सुकलेले, तरी तेच विचारलं. "नक्की न्हाई ना जात?" मी म्हणाले, "नक्की नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. तिनं मानलं की नाही, ते मला कळलं नाही. आता कधी कळायचंही नाही.

सम्मू आता दोन वर्षांची आहे, दुपारी माझ्याजवळ झोपते. झोप आली की तिचा हात आपसूक माझ्या पोलक्यात शिरतो. दूध तोडल्यानंतर शीतलजवळही ती तशीच झोपायची, फक्त उजवीकडे हात ठेवून. तो हात आत आला की मनात येतं, हिच्या बोटांना काय लागेल? आणि मोठी झाल्यावर हिच्या स्वतःच्या... मी पुढचा विचार करत नाही. गावातल्या बायांना मी आता तपासायचं कसं ते दाखवते, लाजल्या तरी दाखवते, 'कमी होतो' असंच म्हणते. पण माझा हात माझ्या अंगाला लावायची मला हिंमत होत नव्हती.

परवा दुपारी सासूबाई दारात येऊन बसल्या. म्हणाल्या, "लोकांच्या बगतीस. तुझं बगितलंस का?" मी न्हाई म्हटलं. त्या खाली बघून म्हणाल्या, "मी बी न्हाई. भ्या वाटतं." सम्मू झोपली होती. मी तिचा हात हळूच बाजूला केला आणि माझा ठेवला. बोटं फिरवली. काही लागलं नाही. पण शीतलच्या वेळीही मी माझ्या बोटांचंच ऐकलं होतं. शुक्रवारी आरोग्य केंद्रात तपासणी आहे, दोघींची नावं घातलीत. तिथून सम्मूला घेऊन पुण्याला त्या डॉक्टरबाईंकडे जाणार आहे. दुधातून जात नाही, मला पक्कं माहीत आहे. तरी शीतलचा प्रश्न मी पुन्हा एकदा विचारणार आहे.