नावं ठेवायला आधी खेळावं लागतं

माझ्या बहिणीचे सासरे, आम्हा दोघींचे काका, एका सोमवारी सकाळी वारले. त्यांचा खेळ लोकांपुढे येऊन तेव्हा आठवडा झाला होता.

हरण्यासाठी खेळणारा माणूस जगात एकच होऊन गेला आणि तो रोह्याजवळ वरसे गावात राहत होता, असं मी आता खुशाल लिहिते. खेळ म्हणजे पत्ते किंवा कॅरम नव्हे. कॉम्प्युटरवरचे, चहा निवेपर्यंत खेळून होणारे छोटे खेळ. माझी बहीण सुमेधा असले खेळ तयार करते. त्यातले शब्द मी पेणहून लिहून देते, कारण मी शाळेत मराठी शिकवते आणि तिचं शुद्धलेखन पहिल्यापासून देवाच्या भरवशावर आहे. वर्षातून दोनदा मराठी मुलामुलींचा एक गेम जॅम भरतो. शुक्रवारी एक विषय जाहीर होतो, रविवारपर्यंत त्यावर खेळ रचून इंटरनेटवरच्या एका पानावर ठेवायचा असतो, आणि पुढचे दोन आठवडे सगळ्यांनी एकमेकांचे खेळ खेळून त्यांच्याखाली अभिप्राय लिहायचे असतात. हे काकांना पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गाड्याच आल्या. आमच्याकडच्या माणसाला जॅम एकच ठाऊक, वडखळ नाक्यावरचा. "त्यात अडकलेला मानूस पुढच्याच्या गाडीला शिव्या घालतो," ते म्हणाले, "तसंच हाय म्हना की." सुमेधा म्हणाली, साधारण तसंच.

काकांची नोकरीची वर्षं एका कंपनीत गेली. नवा पंप किंवा नवा व्हॉल्व्ह आला की तो कुठून गळेल हे आधी शोधायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर शिफ्ट सुटली, ती नजर सुटली नाही. सकाळी आंघोळ करून, शर्टाची सगळी बटणं लावून ते कॉम्प्युटरसमोर बसत, कारण खेळ म्हणजे दुसऱ्याचं घर, तिथे बनियनवर जायचं नाही. आणि बसले की पहिल्यांदा हरत. कड्यावरून पडू नका असं लिहिलेलं असेल तर आधी पडून बघत. राजकन्येला सोडवायचं राहिलं बाजूला, पहारेकऱ्यासमोर ते अर्धा तास उभे राहत, त्याला जांभई येते का ते पाहायला. असं का, हे मी एकदा विचारलं. "जिंकताना समदे खेळ सारखेच," ते म्हणाले. "हरवताना कळतं, करनारा मानूस कसा हाय." विदर्भातल्या एका मुलीने शेतीचा खेळ केला होता. भात पेरायचा, कापायचा, विकायचा, पुन्हा पेरायचा. काकांनी भात कापला आणि हाताची घडी घालून बसून राहिले, खेळ हरले. मग त्यांनी अभिप्राय सांगितला, सुमेधाने तो टंकला: भात निघाल्यावर रान रिकामं का ठेवलं? ओल हाय तवर वाल टाका. त्या मुलीने वाल म्हणजे काय ते विचारलं. त्यावर काकांनी जे उत्तर दिलं, ते तिच्या खेळापेक्षा लांब होतं.

हरल्यावर येणारी पाटी त्यांच्याइतकी कुणी वाचली नसेल. आमच्या एका खेळात मी 'खेळ संपला' असं लिहिलं होतं. काका नाराज झाले. डब्यातले तांदूळ संपले तर ते 'वाढले' म्हणायचं, बांगडी फुटली तर 'वाढवली', नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. आणि मराठीची मास्तरीण असून मी लोकांच्या तोंडावर 'संपला' असं लिहिते? मला ते इतकं पटलं की मी 'खेळ वाढला' अशी पाटी लावायला लावली. पुण्याच्या एका मुलाने लिहिलं की खेळ वाढला म्हणजे पुढचा टप्पा येणार असं समजून तो चहा करून घेऊन आला आणि वाट पाहत बसला, टप्पा काही आला नाही. नागपूरच्या एकीला आपण जिंकलो असं वाटलं आणि तिने आईला बोलावून पाटी दाखवली. निकालात आमचा नंबर खालून शोधणं सोपं होतं. सुमेधा दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. सासऱ्यांशी बोलली, पण फक्त जेवायला वाढलंय एवढंच. काका मात्र खूश होते. माणूस हरला आणि तरी वाट बघत बसला, खेळाचं याहून मोठं काय कौतुक असतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा खरा राग 'छान' या शब्दावर होता. जॅममध्ये हा शब्द फार चालतो. दोन मिनिटं खेळून 'छान' लिहिलं की आपलं कर्तव्य झालं. "छान पाव्हन्याला म्हनायचं," काका म्हणत. "घरच्याला नावं ठेवायची." पाहुणे म्हणून गेल्यावर आमटी खारट असली तरी आपण छान म्हणतो, स्वतःच्या घरी मीठ जास्त झालं म्हणतो, कारण उद्या तिथेच जेवायचं असतं. त्यांचे अभिप्राय सगळे घरच्यासारखे. एकदा एक मुलगा चिडला, तुम्ही निदान खेळलात तरी का, असं त्याने विचारलं. काकांनी सुमेधाला उत्तर सांगितलं, "नावं ठेवायला आधी खेळावं लागतं, बाबा. छान न खेळता पन म्हनता येतं." तो मुलगा पुढच्या जॅमला आपला खेळ घेऊन आधी काकांकडे आला.

या वेळी जॅमचा विषय होता 'वाट'. सगळ्यांनी रस्ते केले, जंगलं केली, चकवे केले. काका म्हणाले, वाट चालायचीच असते असं कोण म्हणालं, बघायची पण असते. हा खेळ त्यांनी स्वतः रचला. हात सुमेधाचा, बाकी सगळं त्यांचं. तरुणपणी काही काळ ते धरमतरच्या खाडीत, माल नेणाऱ्या बार्जवर होते. खेळात खाडी आहे, ओहोटी आहे, आणि मालाने भरलेली एक बार्ज आहे. काही करायचं नाही, भरतीची वाट बघायची. घाई करून बटण दाबलं की बार्ज चिखलात बसते. पाणी इतकं हळू चढतं की चढतंय का नाही असं वाटतं. मग केव्हातरी बार्ज आपोआप उचलली जाते आणि तिला धक्क्यापर्यंत न्यायचं असतं. सुमेधाने भरती थोडी लवकर आणू या म्हणून विनवलं. "भरती कुनाच्या बापाचं आयकत नाय गो," एवढंच उत्तर मिळालं.

आठवडाभर अभिप्राय येत होते. छान. मस्त. वेगळीच कल्पना. पाण्याचा रंग सुंदर. काका रोज सकाळी बटणं लावून बसत आणि सुमेधाकडून वाचून घेत. शनिवारी मी पेणहून गाडीने रोह्याला निघाले होते. निडी स्टेशन आलं की फोन करायचा, म्हणजे ते चहा टाकायला सांगत, असा आमचा रिवाज. त्या दिवशी ते चहाचं बोललेच नाहीत. "कुनी धक्क्याला पोचला नाय," ते म्हणाले. "समदे पाव्हनेच." मी म्हटलं, अजून एक आठवडा आहे. "व्हय," ते म्हणाले, "पन एकानं तरी नावं ठेवायला पायजे व्हती, मास्तरीनबाई."

तेरावं झाल्यावर सुमेधाने ते पान उघडलं. शेवटी एक नवा अभिप्राय होता, आमच्या ओळखीच्या कुणाचा नव्हता. तिने तो मोठ्याने वाचला.

"काका, धक्क्याला लागलो. भरतीला फार वेळ लावता. दोनदा चिखलात बसलो. पण खरी चूक पुढेच आहे. माल उतरल्यावर परत फिरता येत नाही. कुठलंही बटण दाबा, बार्ज तिथेच. मी आता परत कसा जाऊ?"

आम्ही दोघींनी तो खेळ कितीदा तरी खेळला होता. धक्क्याला लागल्यावर परत फिरून बघावं हे आम्हाला एकदाही सुचलं नव्हतं. सुमेधाने आत शोधलं. परतीची वाट केलेलीच नव्हती. ती राहून गेली होती की काकांनी तशीच ठेवली होती, ते कळायला मार्ग नाही. असलं काही अडलं की आम्ही त्यांनाच विचारत होतो. सुमेधाने त्या माणसाला लिहिलं की चूक खरी आहे, आणि काका आता नाहीत. थोडा विचार करून तिने खाली त्याचे आभार मानले.

खेळ त्या पानावर आहे. चूक त्यात आहे. सुमेधा म्हणते, दुरुस्ती एका दुपारची आहे. तिने ती अजून केलेली नाही.